चुन्याखालचा दगड

सोमवार, ३

बाग जाणार! फाटकावर कागद चिकटवलाय — पुढच्या सोमवारपासून खोदकाम, गाड्या लावायला जागा हवी म्हणे. दोन रस्त्यांमधला हा त्रिकोणी तुकडा. चार बाकं, एक कोरडं कारंजं, एका साखळीवर लोंबणारा झोका, सतरा झाडं. कागदात नऊच लिहिलीयत. उंटावरून शेळ्या हाकणारे!

बाबा इथले पहिले माळी, मी दुसरा. तिसरा काही आता होत नाही.

मंगळवार, ४

पालिकेत जाऊन साहेबांना भेटलो. त्यांचं म्हणणं, या बागेचा कुठेच कागद नाही, जुन्या नकाशात जागा नुसती पडीक दाखवलीय. मग मी कारंज्याजवळच्या दगडाचं सांगितलं. बाबा म्हणायचे, तो एका मुलीच्या आठवणीत बसवलाय. म्हणजे कुणीतरी लेकीच्या नावाने जागा दिली असणार.

साहेब म्हणाले, "तसं कोरलेलं दाखवा, काम मी स्वतः थांबवतो."

दाखवू कसं? दरवर्षी तपासणी आली की आम्ही दिसेल त्याला चुना फासतो. कडा, झाडांचे बुंधे, तो दगड — सगळं. बाबांनी तीस वर्षं, मी बावीस. बोटभर थर बसलाय. बाबा तर सुरुवातच त्या दगडापासून करायचे. बापलेकांनी मिळून अक्षरं पुरली!

बुधवार, ५

खरवडतोय. आधी ओलं पोतं, मग पत्रा.

शुक्रवार, ७

आई डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी फाटकाबाहेरच थांबली. बागेत ती कधीच येत नाही, मी लहान होतो तेव्हापासून. पूर्वी कामाचं निमित्त सांगायची, आता गुडघ्यांचं. मी काय करतोय ते तिने पाहिलं. डबा कठड्यावर ठेवला आणि निघून गेली.

शनिवार, ८

थर निघाला. खाली काहीच नाही. एक अक्षर नाही, एक रेघ नाही. चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

साहेबांना फोन करून सांगितलं. ते हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाबांचा फार राग आला. चुना लावून झाला की या कोऱ्या दगडापुढे टोपी काढून उभे राहायचे. आणि मी बावीस वर्षं त्यांच्या थापेला रंगरंगोटी केली.

रविवार, ९

आई आज आत आली. दगडाशेजारी मातीतच बसली. मग म्हणाली,

"वर काय शोधतोस? खाली आहे ती. तुझी मोठी बहीण. अकरा दिवसांची होती. तेव्हा इथे नुसतं रान होतं. बाग तुझ्या बाबांनी तिच्यानंतर लावली."

उद्या सकाळी मशीन येणार. दगडासाठी चुना भिजत घातलाय.