लांब कुरणातले सात आवाज

शुक्रवार, ६ जून

प्रिय रिक्स्त आत्या,

मागच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की लांब कुरणात यंदा पाणटिवळ्या पक्ष्यांची सात कुटुंबं आहेत, पिल्लांसकट. ते चूक आहे. सात हा आकडा मी खोटा लिहिला नव्हता, पण तो खरा नाही. तू तो वाचून हार्लिंगनच्या तुझ्या शेजारणींना कॉफीबरोबर केक वाटलास, असं फोनवर सांगितलंस तेव्हाच मला बोलायला हवं होतं. आता सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे माझ्या हातून पुन्हा काही सुटायचं नाही.

सत्तावीस मेची सकाळ होती. मोजणीचा दिवस आपला शेतकऱ्यांचा संघ ठरवतो आणि तो आपल्या सोयीनं बदलता येत नाही. धुकं इतकं होतं की गोठ्याकडून फाटकापर्यंत मी कुंपणाच्या तारेला हात लावत चालत गेले. तू शिकवलंस तशी कुरणाकडे तोंड करून फाटकाला टेकून उभी राहिले आणि पाऊण तास ऐकत राहिले. मेच्या शेवटी अंडी शोधायची नसतात, आईबाप ऐकायचे असतात. ज्या जोडीची पिल्लं गवतात जिवंत आहेत ती जोडी माणूस दिसला की डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. ज्यांची पिल्लं गेली ती गप्प होतात आणि निघून जातात. ओरडा म्हणजे पिल्लं, हे मी वाचायला शिकण्याआधी तुझ्याकडून शिकले. त्या सकाळी सात ठिकाणांहून ओरडा आला. डावीकडून दोन, डोक्यावर तीन, मग लांबवर दोन. मी सात लिहिलं, सही केली आणि त्याच दुपारी कागद संघाच्या कचेरीत दिला.

त्या आकड्यावर काय काय टांगलेलं आहे ते तुला माहीतच आहे, पण यंदा जास्त आहे. येत्या गुरुवारी संघाची सभा पक्ष्यांसाठी कुरणं ओली ठेवण्याचा पुढच्या सहा वर्षांचा करार ठरवणार. चारपेक्षा कमी कुटुंबं असतील तर लांब कुरण यादीतून जाईल. ब्रसेल्सहून येणाऱ्या पैशाचा नियमच तसा आहे. मग पंप सुरू होईल, पाणी अर्धा मीटर खाली उतरेल आणि नांगर फिरेल. बाबांनी गेल्या शरद ऋतूत अठरा गाई विकल्या, करार टिकेल या भरवशावर. ओल्या कुरणात उशिरा कापलेल्या गवतावर तेवढ्या गाई पोसल्याच गेल्या नसत्या. आता करार गेला तर हातात ना गाई ना करार. आणि एकदा पाणी उतरलं की या जमिनीत चोच खुपसायला कोणी पक्षी पुन्हा येणार नाही, हेही तितकंच खरं.

चूक लक्षात आली ती शेजारच्या ऊबेलेमुळे. त्याला कालव्याकडची कडेची गवताची पट्टी कापायची होती आणि पिल्लं नेमकी कुठे आहेत ते माझ्याकडून हवं होतं. तू त्याला ओळखतेस. फाटकावर कोपरं टेकून म्हणाला, "बाई, तुमच्या पाहुण्यांना जरा विचारा, कधी उठणार आहेत? माझं गवत म्हातारं झालं." मी म्हटलं, विचारून सांगते. तर म्हणाला, "आणि हेही विचारा, ब्रसेल्सवाले माझ्याही अंगणात कधी अंडी घालतील का?" मी हसले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, तीन तारखेला, दुर्बीण घेऊन पुन्हा फाटकाशी गेले.

त्या सकाळीही धुकं होतं. आवाज आले. डावीकडून दोन, डोक्यावर तीन, लांबवर दोन. त्याच क्रमानं. मला जरा विचित्र वाटलं, पण पक्षी आपापल्या जागा धरून असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग साडेआठच्या सुमाराला धुकं एकाएकी उचललं गेलं, कुणी चादर ओढून काढावी तसं. अख्खं कुरण टोकापर्यंत लख्ख दिसायला लागलं. आवाज चालूच होते. डोक्यावर तिघे ओरडत होते आणि डोक्यावर काहीच नव्हतं. मी मान वर करून उभी राहिले, आत्या. निळं, स्वच्छ आकाश, त्यात एकही पंख नाही, आणि ओरडा माझ्या कपाळावर पडत होता.

मग मी ते केलं जे आपल्या घरात कोणी करत नाही. मे-जूनमध्ये कुरणात पाऊल टाकायचं नाही, पिल्लू टाचेखाली आलं तर कळतही नाही, हे मी पाच वर्षांची असताना तू मला इतक्या वेळा सांगितलंस की अजूनही त्या गवताच्या कडेला माझा पाय आपोआप थांबतो. त्या दिवशीही थांबला. मी फाटक उघडून आत गेले. एकेक पाऊल टाकण्याआधी हातानं गवत बाजूला करत होते. मी वाकले की ओरडा वाढायचा, उभी राहिले की कमी व्हायचा, अगदी पिल्लांजवळ गेल्यावर व्हायला हवा तसाच. पण गवतात काही नव्हतं. विष्ठा नाही, पीस नाही, पिल्लांच्या येण्याजाण्यानं पडणारी ती बारीक वाट नाही. अंड्याच्या कवचाचा तुकडासुद्धा नाही. फक्त जुन्या काठ्या, घरटं ओळखायला आपण रोवतो त्या, करड्या पडलेल्या, काही तर तुझ्या लाल रंगाच्या. गवत इतकं शांत उभं होतं की त्यातून वर्षानुवर्षं कोणी गेलं नसावं. माझ्या पाठीमागे ओरडा चालूच होता.

मी वळले. गोठ्याच्या छपरावर, दाराच्या कमानीवर आणि फाटकाच्या खांबावर मैना बसल्या होत्या, ठिपक्यांच्या. आम्ही मोजणीला उभे राहतो तेव्हा गोठा पाठीशी असतो. त्यांच्याकडे कोण बघतो? खांबावरच्या एकीनं चोच उघडली, गळ्याची पिसं फुगवली आणि तिच्यातून पाणटिवळ्याचा आवाज आला. जसाच्या तसा, पिल्लाच्या आईचा, घाबरा. मग तिनं दम घेतला आणि दुसरा आवाज काढला. लोखंडाचा, लांब, शेवटी वर चढणारा. मला तो ओळखायला क्षणभर लागला. लहान पवनचक्कीचा होता, आत्या. कालव्याजवळची, जिचा दांडा गंजून कुरकुरायचा. ती मोडून भंगारात दिली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मैना जगते किती? चार वर्षं, पाच वर्षं. म्हणजे हिनं ती चक्की कधी ऐकलेली नाही. हिच्या आईनं ऐकली नाही, आजीनंही नाही. एकीनं दुसरीला दिलेला आवाज आहे तो. नसलेल्या चक्कीचा. तेव्हा माझ्या मनात आलं: मग ते सात आवाज किती जुने?

मी बाबांना त्याच दिवशी सांगितलं. ते दुपारचा पाव कापत होते. सगळं ऐकून घेतलं, चीजचा तुकडा पावावर नीट बसवला आणि म्हणाले, "आवाज येतो ना?" मी म्हटलं, येतो, पण मैनेचा. तर म्हणाले, "इतकी वर्षं मला त्याच आवाजानं जाग येते, पोरी. तो कुणाच्या घशातून येतो याची चौकशी मी केली नाही. तू तरी कशाला करतेस?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून ते रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन फाटकाशी उभे असतात, कुरणाकडे तोंड करून, गोठ्याकडे पाठ करून. काल धुक्यात मला आधी त्यांचा कप दिसला, मग हात, मग ते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते हळूच म्हणाले, "हे बघ, डावीकडे दोन."

बुधवारी सकाळी, डोकं ताजं असताना, मी तुझ्या वह्या काढल्या. छातीच्या दुखण्यानं मला आठव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नाही, तेव्हा तुझं स्वयंपाकघर हीच माझी शाळा होती आणि या वह्या माझं पहिलं पुस्तक. तुझे दोन रकाने मला पाठ होते: दिसले आणि ऐकले. डोळ्यांनी पाहिलेलं शाईनं, अंदाजाचं पेन्सिलीनं. आणि पेन्सिलीचं कधी गिरवायचं नाही. मी पानं उलटत गेले. २०१५ पर्यंत दोन्ही रकाने भरलेले आहेत. नऊ दिसले, नऊ ऐकले. सहा दिसले, सात ऐकले. २०१६ मध्ये दिसले दोन. २०१७ पासून 'दिसले' कोरा आहे. ऐकले मात्र आहेत. पाच, सहा, सहा, सात. चार वर्षं, सगळं शाईनं. त्यानंतर वही माझ्या हातात आली आणि मी तुझ्याच जागी, तुझ्यासारखीच फाटकाला टेकून उभी राहिले, आणि मीही फक्त ऐकले.

आधी मला वाटलं, तूही माझ्यासारखीच फसलीस. मला ते बरंच वाटलं, खरं सांगते; चुकीत सोबत होती. ते मी बाबांना म्हटलंही. ते बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाले, "रिक्स्तला कसं ऐकू येईल? तिला तर तेव्हा माझी दारातली हाकही ऐकू यायची नाही." तेव्हा मला आठवलं. कानातली यंत्रं तुला हार्लिंगनला गेल्यावर मिळाली. त्याआधीची चार वर्षं आम्ही सगळे तुझ्याशी मोठ्यानं बोलत होतो, तू हसून मान हलवायचीस आणि किटली शिट्टी घालत राहायची, कोणीतरी उठून ती उतरवेपर्यंत. त्या चार वर्षांत तू फाटकाशी उभी राहून पाच, सहा, सहा, सात ऐकलेस. तुला मैनासुद्धा ऐकू येत नव्हत्या, आत्या.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावून पाहिलं, जमलं नाही. तुझ्या भावाचं शेत ओलं राहावं, एखाद्या वसंतात ते खरोखर परत यावेत आणि तोवर पाणी कोणी काढून घेऊ नये, म्हणून तू तो रकाना भरलास, असं मी धरून चालले आहे. मलाही हे सोपं पडलं असतं. माझा आकडा गेलेला आहे, कोणी तपासायला येणार नाही, ऊबेलेला मी पट्टी कापू नकोस म्हणून सांगितलं की झालं. दोन दिवस मी तेच ठरवत होते. पण काल बाबा म्हणाले, "डावीकडे दोन," आणि मला कळलं की आता आपल्या घरात तीन माणसं रिकाम्या शेताला पाठ न दाखवता उभी आहेत, आणि त्यातलं एकही माणूस मागे वळून बघत नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच की तुला ते संघाकडून नव्हे, माझ्याकडून कळावं. मी माझा सात मागे घेणार आहे आणि शून्य लिहून देणार आहे. त्याबरोबर तुझ्या वह्याही द्याव्या लागतील, कारण जुने आकडे त्यांच्यावरच उभे आहेत आणि त्या वह्यांवर तुझं नाव आहे. शून्य देऊनही मी त्यांच्याकडे पाणी मागणार आहे, पक्षी आहेत म्हणून नव्हे, नाहीत म्हणून, निदान दोन वर्षं. ते बहुतेक नाही म्हणतील, आणि मग बाबांचं काय होईल ते मला अजून माहीत नाही. पण मागायचंच असेल तर खऱ्या आकड्यावर मागेन. त्या चार वर्षांबद्दल तुला स्वतः काही सांगायचं असेल तर ये. मी बसथांब्यावर घ्यायला येईन. नाही आलीस तरी मी तुझ्याबद्दल वहीत जे आहे त्याहून एक शब्द जास्त बोलणार नाही. सभा गुरुवारी, बारा जूनला, सकाळी साडेनऊला आहे; मी सव्वानऊला वह्या टेबलावर ठेवीन.

तुझ्याच स्वयंपाकघरात अक्षरं गिरवलेली, तुझीच
यिम्कये