गच्चीवरचा होकार

विजयनगर, म्हैसूर

प्रिय यशा,

फोनवर तू "घरी सगळं बरं ना?" म्हणून विचारतोस, मी "बरं आहे" म्हणते, मग तिरुपूरच्या उकाड्यावर दोन वाक्यं बोलून आपण दोघंही सुटतो. आईचं काही सांगायला गेले की नेमकं तुला फॅक्टरीत कोणीतरी बोलावतं. पत्र वाचताना तसं निसटता येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. पाल्हाळ लावायची माझी मास्तरकीची खोड तुला ठाऊकच आहे, तेव्हा जरा सावकाश वाच.

अप्पांचं वर्षश्राद्ध होऊन पंधरा दिवस झाले. तू नव्हतास, म्हणून दहाव्यासारखा याही वेळी काकांचा विश्वजीतच बसला. दहाव्याचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. पश्चिमवाहिनीला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर कावळे नव्हते असंही नाही, चांगले रांगेने बसून आमच्याकडे बघत होते. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवा, असं भटजींनी सांगितलं. विश्वजीतने काकूला सांभाळीन म्हणून शब्द दिला. देवराज मोहल्ल्यातलं शिलाईचं दुकान बंद झालं तरी मशिनी भंगारात देणार नाही, असं मी म्हणाले. वेंकोबाही आला होता. अप्पांच्या हाताखाली केस पिकवलेला कारागीर, तू तेव्हा कडकोळच्या गारमेंट फॅक्टरीत होतास, त्यालाही तिकडे घेऊन गेलास आणि त्यावरूनच बापलेकांचं फाटलं. त्याने पिंडापुढे डोकं टेकून माफी मागितली. तरी कावळा ढिम्म. उन्हं चढली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याने पिंडाला शिवून आम्ही घरी आलो. या सगळ्यात आई एक शब्द बोलली नाही.

त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं. रुसवा नाही, रडणं नाही. चार घास खायची आणि ताट बाजूला सारायची. त्यांनी खाल्लं नाही तर मला कसं उतरेल, म्हणायची. तिला मी किती परीने समजावलं. पश्चिमवाहिनीच्या कावळ्यांना रोज पिंड मिळतात, त्यांची पोटं भरलेली, त्यात आपल्याकडच्या पोरांनी मोबाईल रोखलेले. कशाला येतील ते खाली? तिने सगळं ऐकून घेतलं आणि "सुम्मनिरु" म्हणून मलाच गप्प केलं. उन्हाळा लागेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. सापडणार तरी काय?

मी कॉलेजात गेली कित्येक वर्षं मुलांना शिकवते की घंटेपाठोपाठ खाणं मिळत गेलं तर पुढे नुसत्या घंटेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि कळ दाबल्यावर दाणा पडला तर कबूतर ती कळ दाबतच राहतं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. एकदा वर्गात हेच फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला. म्हटलं, कबूतर शिकतं तर कावळा का नाही शिकणार? वर्षश्राद्ध घरीच, आपल्या गच्चीवर करायचं हे ठरलेलंच होतं. त्या दिवशी पानाला कावळा शिवला की झालं, आई पोटभर जेवेल.

कावळा कबुतराइतका भोळा नसतो बघ. सुरुवातीला मी पाण्याच्या टाकीजवळ केळीच्या पानाचा तुकडा ठेवून, पितळी वाटी चमच्याने वाजवून उडदाचा वडा ठेवायचे आणि जिन्यात लपायचे, तर महाराज समोरच्या टीव्हीच्या डिशवर बसून माझीच परीक्षा घ्यायचे. मी खाली गेल्यावर वडा गायब. मग मी रोज थोडी जवळ उभी राहायला लागले. हळूहळू त्यांना वाटीचा आवाज कळला, पान कळलं, मीही कळले. पुढे पुढे तर मी जिना चढायच्या आधीच कठड्यावर पंगत बसलेली असायची. शेजारच्या इंदिराबाईंच्या तुळशीत हाडकं पडायला लागली, त्यांनी दोनदा येऊन मला सुनावलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे ती गच्चीवर फिरकतच नव्हती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तिला दोघांनी धरून वर आणलं, खुर्चीवर बसवलं. पान मांडलं, भटजींनी पुन्हा बोला म्हणून सांगितलं. आईने हात जोडले, तिचे ओठ हलताना दिसले. मी खीर वाढल्याचं निमित्त करून वाटीवर चमचा आपटला. एक कावळा सरळ येऊन पानावर उतरला, वडा उचलून गेला, त्याच्यामागे दुसरा. विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. आई त्या दुपारी पूर्ण पान जेवली आणि तिने खीर मागून घेतली. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. जन्मभर शिकवलेल्या विद्येचा घरात उपयोग झाला, असं वाटून मी स्वतःवरच खूश होते.

जेवण झाल्यावर आईने मला जवळ बसवून घेतलं. दहाव्याला सगळे शब्द देत होते तेव्हा तिनेही मनात एक गोष्ट मागितली होती म्हणे, आणि तिला नकार मिळाला होता. वर्षश्राद्धाला तिने तीच मागितली. यशाला घरी आणणार असाल तरच शिवा, असं तिने अप्पांना सांगितलं होतं. आणि कावळा तर हाकेसरशी आला. माझा हात धरून म्हणाली, "बर्ताने, बघ. आता यांनीच सांगितलंय, येणार तो."

कावळा तुझ्या मागण्यावर आला नाही, माझ्या वाटीवर आला, असं तिला सांगू? मग अप्पाही तृप्त झालेले नाहीत, असंच तिच्यासाठी ठरेल. ती पुन्हा ताट सारेल, आणि या वेळी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

तुझी खोली उघडून तिने चादर बदललीय. रोज सकाळी कठडा धरधरून गच्चीवर जाते, तुझं नाव घेऊन विचारते आणि वाटी वाजवते. मी वाजवताना तिने पाहिलं असणार. कावळा येतो, ती हसत खाली उतरते. मी वडे बंद करून पाहिले. आमच्या पुस्तकात लिहिलंय, खाणं मिळेनासं झालं की शिकलेली गोष्ट हळूहळू सुटते. पण सुटण्याआधी जनावर जास्तच जोर करतं, हेही त्यातच लिहिलंय. कावळ्यांनी गच्ची डोक्यावर घेतली. आईला वाटलं, अप्पा घाई करताहेत. आता ती स्वतःच्या ताटातलं नेऊन त्यांना घालते. कावळ्यांना मी शिकवलं, आईला कावळ्यांनी शिकवलं, आणि हे मोडायचं कसं ते मला शिकवणारं कोणी नाही. रोज तिच्यामागून जिना चढते, तिला होकार मिळताना बघते आणि तिच्यामागून खाली येते.

यशा, "माझ्या तेराव्यालाही येऊ नकोस" असं अप्पा रागात बोलले आणि तू तो शब्द अक्षरशः पाळलास. तुला दोष देत नाही, हट्टात तुम्ही दोघं एकाच मापाचे. पण तेरावं झालं, वर्ष झालं, त्यांचा शब्द तिथे संपला. आई फोनवर बोलायला तयार नाही, ती तुला बघायलाच बसलीय. म्हणून हे पत्र. तू आलास तर कावळ्यांचं ती खरं मानेल, खुशाल मानू दे, मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही आलास तर मला एक दिवस सगळं सांगावं लागेल, आणि ते माझ्याने होणार नाही. सत्यमंगलमचा घाट चढून आलेली बस दुपारी आपल्याकडे पोचते, तिने वेळ विचारून घेतलीय. आज बसची वेळ टळून गेल्यावर ती दारातून आत आली आणि म्हणाली, लेकराला सुट्टी मिळाली नसेल, उद्या पुन्हा विचारते.

तुझीच,
अक्का