एका सभासदाचे दोन साक्षर

कुंभकोणम्,
तै महिन्याची अकरावी, सन १९५७

चि. लिहावे तर तुला साठी लागली, ती. लिहावे तर तू माझ्याहून चार महिन्यांनी धाकटा. म्हणून नुसतेच मावसबंधू सेतुराम यास शेषाद्रीचे अर्धे आशीर्वाद आणि अर्धे नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तुझ्या घरच्यांची, गाईची आणि विशेषेकरून तुझ्या उजव्या पायाची खुशाली कळवावी. (पाय मुद्दाम लिहिला आहे, चुकून नव्हे.)

सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू पाकीट न फोडता गाईपुढे टाकशील, ही शंका आहे. तसे करू नकोस. आपल्या भांडणातली माझी बाजू साऱ्या गावाला पाठ आहे: मावसभाऊ पडला, पाय मोडला, तीन महिने अंथरुणावर होता, आणि आठ मैलांवरच्या मला त्याने एका ओळीने कळवले नाही. मला ते कळले स्टेशनावर, एका भाताच्या व्यापाऱ्याकडून. त्या दिवसापासून मी तुझे नाव टाकले. गेल्या वर्षी महामाघाच्या स्नानाला सारा मुलूख इथे लोटला, तूही आलास आणि माझे घर सोडून धर्मशाळेत उतरलास, तेव्हा तर मी चार दिवस कुणाशी धड बोललो नाही. तुझी बाजू काय ती मात्र मला ठाऊक नव्हती. ती मागच्या आठवड्यात कळली. कशी कळली ते सांगायला आमच्या संघाची हकीकत सांगावी लागते, आणि ती मी जरा लांबवणार आहे, कारण मुद्द्यावर यायची मला भीती वाटते.

तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून पेन्शन घेतल्यावर मी इथल्या जनसेवा संघात शिरलो. सभासद अकरा, अध्यक्ष चंद्रमौली. त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान, सभा दुकानाच्या माडीवर, आणि सभा सुरू करायला देवळात शोभेल एवढी घंटा. (खाली एखादे गिऱ्हाईक आले की ती घंटा दाखवायला नेतात, मग सभा सुरू झाली की नाही हे कुणालाच कळत नाही.) गेल्या पंगुणी महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात चित्र पाहिले की परदेशातला एक संघ गरिबांना घोंगड्या वाटतो आहे. झाले. आम्हीही घोंगड्या वाटल्या. उन्हाने कावेरीची वाळू लाह्या भाजण्यासारखी तापलेली, आणि आम्ही दारोदार घोंगड्या घेऊन. लोक सज्जन, नाही म्हणाले नाहीत. पानमळेवाल्याने ती भिजवून विड्याच्या पानांच्या टोपलीवर घातली, एका म्हातारीने बकरीवर घातली, आणि उरलेल्या चौदा माडीवर कसर लागून पडल्या. यानंतर संघाने ठरवले की जे वाटून उकाडा होत नाही असे काहीतरी वाटावे, आणि वकील वेंकटेश म्हणाले, विद्या.

पुढे आवणी महिन्यात ठराव झाला की प्रत्येक सभासदाने पोंगलपर्यंत एक मोठा माणूस तमिळ वाचता करावा. वर अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितले की शेषाद्रीरावांइतके वाचलेला माणूस आपल्यात नाही, तेव्हा साक्षरतेचे चिटणीस तेच. अकरा माना माझ्याकडे वळल्या. (दहा वळल्या, अकरावी माझी, ती होकारार्थी हलली.)

आता ऐक, आणि हसायचे असेल तर एकदाच हसून घे. सेतू, मला तमिळ वाचता येत नव्हते. बोलतो मी फर्डे, भांडतो तर त्याहून फर्डे, हे तुला ठाऊकच. पण घरी वडिलांनी मराठी गिरवून घेतली, शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतले, आणि नोकरी एकतीस वर्षे इंग्रजीत केली. तमिळ अक्षरे डोळ्यांसमोरून जात, जशी गाडीतून झाडे जातात. लोक धरून चालले की मला येते, आणि मीही कुणाचा गैरसमज मोडला नाही. तमिळ साप्ताहिक आले की मी तुझ्या वहिनीला म्हणे, तू वाच, माझे डोळे चुरचुरतात. तमिळ कार्ड आले की माझा चष्मा हरवे. ती वाची, मी मान डोलावी. संसार असाच चालला.

माझ्या वाट्याला आली अलमेलु. कुंभेश्वराच्या देवळापाशी मोगऱ्याचे गजरे विकते, हात कोपरापर्यंत धरून माप घालते, आणि तिचा हात आखूड असल्याची तक्रार केलीस तर तुझ्या सात पिढ्यांचे माप काढते. तिचा मुलगा मलायात पिनांगला असतो. त्याची पत्रे पोस्टमन रस्त्यात उभा राहून मोठ्याने वाचतो, त्यामुळे सुनेचे काय बिनसले ते हिच्या आधी केळेवालीला कळते. तिला एवढेच हवे होते की मुलाचे पत्र तिचे तिला वाचता यावे. ती दुपारी माल संपवून आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि पाटी पुढे केली.

पहिल्या दिवशी मी विद्येचे महत्त्व सांगितले. दुसऱ्या दिवशी खडू कसा धरावा ते. तिसऱ्या दिवशी सरस्वतीची प्रार्थना, सावकाश. चौथ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही. मी पहिले पुस्तक उघडले आणि गंभीरपणे विचारले, हे काय आहे ते तूच सांग. तिथे खारीचे चित्र होते. ती म्हणाली, अणिल. तेव्हा मला उमगले की बाजूचे अक्षर 'अ' असणार. बकरी आली, ती म्हणाली आडु, 'आ' सापडला. अशी आमची गाडी चित्राचित्राने चालली. पण पुढे एक चित्र छापताना काळे पडले होते. मी म्हणे छत्री, ती म्हणे उखळ. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी तिने पाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "सामी, तुम्हालाही येत नाही ना?"

सेतू, एकतीस वर्षांत वरिष्ठांनी मला कधी घाम फोडला नव्हता, तो तिने फोडला. मी म्हणालो, नाही येत.

"मग बरे झाले," ती म्हणाली. "ज्यांना येते त्यांच्याकडे मी दोनदा बसून पाहिले. जाणत्याला राग फार लवकर येतो."

त्या दिवसापासून आम्ही खरे शिकलो. (ते उखळच निघाले.) ती देवळापाशी येणाऱ्या बसवरच्या पाट्या वाचून येई, मी पेठेतल्या. साठाव्या वर्षी गाव नव्याने दिसू लागले. ज्या भिंतीला टेकून मी रोज संध्याकाळी बसतो तिच्यावर 'येथे बसू नये' असे लिहिले आहे, तेही हातभर अक्षरांत. माझ्यापेक्षा ती भराभर वाचू लागली हे मला थोडे लागले, पण तिने ते कधी बोलून दाखवले नाही. फक्त मी अडलो की मोगरा ओवता ओवता अक्षर पुटपुटे.

पोंगलच्या आठवड्यात समारंभ झाला. एक मोठे अधिकारी पाहुणे, माडीवर खुर्च्या, घंटा. अध्यक्षांचा पहारेकरी चार ओळी खडखडीत म्हणाला. पुस्तक उलटे धरले होते, पण आवाज चांगला. वकिलांनी आपले सासरे आणले होते, ते पाचवी पास निघाले. मग अलमेलु उठली. तिने कनवटीचे बंद पाकीट काढले, सर्वांसमोर फोडले आणि वाचू लागली. "आई, मी बरा आहे. तुझी नात चालू लागली." अक्षराअक्षरावर पाय टेकत, वाळवणातून चालल्यासारखी. तिसऱ्या ओळीशी ती थांबली. मला वाटले अडली. मी पुटपुटणार होतो. पण तिचे डोळे पुढे चालले होते, ओठ बंद होते. शेवटपर्यंत वाचून तिने पत्राची घडी घातली, कनवटीला खोचली आणि सांगितले, "पुढचे माझे आहे."

मला रडू आले, ते मी लपवले नाही. पाहुण्यांनी विचारले, कुणी शिकवले. ती म्हणाली, कुणी नाही, सामी आणि मी दोघे बरोबरच शिकलो, त्यांचे एक-दोन अक्षर अजून वाकडे निघते. अध्यक्षांनी घंटा वाजवून जाहीर केले की प्रत्येक सभासदाने एक साक्षर केला, शेषाद्रीरावांनी मात्र दोन. बक्षीस म्हणून त्या चौदांपैकी दोन घोंगड्या मला मिळाल्या.

असो. पत्र लांबले. वडील माणसांस नमस्कार, गाईस चारा, तुला राग आवरता येईल तेवढा आवर.

तुझा,
शेषाद्री

ता. क. : समारंभाहून घरी येऊन मी जुन्या पत्रांची तार खुंटीवरून काढली, म्हटले बघू काय काय वाचता येते. सहा वर्षांपूर्वी तुझी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा तीन तमिळ कार्डे आली होती. चष्मा शोधून वाचून देणारे घरी कोणी नव्हते. मी तिन्हींना एकच उत्तर इंग्रजीत लिहिले होते, आणि पत्ते ऑफिसातल्या पोऱ्याने कार्डांवरून उतरवले, म्हणून कार्डे कुणाची हेही मला कळले नाही. एक लग्नाचे आमंत्रण होते, त्याला ते शोभले. दुसऱ्यात माकडांनी एका ओळखीच्याची केळीची बाग मोडल्याचे होते. तिसरे तुझे, अंथरुणावरून दुसऱ्या कुणाच्या हाताने लिहून घेतलेले. "देवळाच्या तळ्याच्या पायरीवरून पडलो, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. एक दिवस येऊन जा, सोंगट्यांचा पट आण, तुझ्याशिवाय वेळ जात नाही." ते वाचायला मला अर्धा तास लागला. माझे उत्तर तू जपून ठेवले असशीलच: "पत्र पावले. मजकूर वाचून अतिशय आनंद झाला. असेच वरचेवर घडत राहो." सेतू, मला फार लाज वाटली. सहा वर्षे मी तुझ्यावर रुसलो होतो.

ता. क. दुसरा : वहिनी म्हणते की मला तमिळ वाचता येत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक होते, आणि ते कार्ड आपण पाहिले असते तर बाळंतीण सोडून तुमच्या आडुतुरैला धावले असते. रविवारच्या सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघे येतो. पट आणतो. एक घोंगडीही आणतो. मोडलेला पाय या दवात ठणकतो म्हणतात, म्हणजे संघाची एक तरी घोंगडी कामाला येईल. दार उघडशील एवढीच विनंती.

ता. क. तिसरा : नाही उघडायचे असेल तर तसे कार्ड टाक, पण तमिळमध्येच टाक. शिव्या मोठ्या अक्षरात आणि सुट्या सुट्या लिही, म्हणजे माझी एकही चुकणार नाही.