मधला बॉल

प्रिय मुंगे,

परवा फोनवर आपण तासभर बोललो, म्हणजे खरं तर मीच बोलले आणि तू 'हो ना, हो ना' करत राहिलीस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलंच नाही. माझे गुडघे, शेजारणीचा कुत्रा, दुरुस्तीला काढलेलं बाथरूम, सगळ्यांची साग्रसंगीत हकीकत झाली आणि लेकीला टेनिस अकॅडमीत घालावं की नाही हा तुझा साधा प्रश्न तसाच लटकत राहिला. म्हणून आता निवांत लिहिते. शिवाय पत्राचा एक फायदा आहे, तुला मध्येच 'राहू दे गं' म्हणून विषय बदलता येत नाही. चहा घेऊन बस.

तर तुझी अकरा वर्षांची लेक इथल्या, माझ्या शहरातल्या अकॅडमीच्या निवडीत पास झाली. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. तुमच्या गावात भेगा पडलेलं एकच सिमेंटचं कोर्ट आहे. आणि भावजी म्हणतात, तुम्ही दोघींनी शाळेची सगळी वर्षं अकॅडमीत घाम गाळलात, शेवटी एक बँकेत बसली आणि दुसरी लोकांच्या पाठी रगडते, मग मिळालं काय? त्यांना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, फिजिओथेरपी म्हणतात त्याला. पुढच्या वेळी कंबर धरली की नाव बरोबर आठवेल.

पण भावजींचं अगदीच चुकतंय असं नाही हं. रोज संध्याकाळी माझ्या क्लिनिकमध्ये कुठल्या ना कुठल्या अकॅडमीतलं एखादं लेकरू येतं. बाराव्या वर्षी खांदा धरलेला, मनगटाला पट्टा, आणि सोबत बाप, जो पोरीच्या आधी उत्तर देतो. 'परवा आपली मॅच आहे,' म्हणतो. आपली! जसा काही सर्व्हिस हाच करणार आहे. काही ठिकाणी पोरांकडून एकच फटका दिवसभर घोटून घेतात, शाळा नुसती नावाला, दुखलं तर सहन कर. तिकडे मी माझ्या मांजरालासुद्धा पाठवणार नाही. आणि पुढे मोठी खेळाडू होणारी एखादीच, बाकीच्या आपल्यासारख्या घरी येतात, हेही खरंच आहे. तेव्हा लेक टीव्हीवर दिसेल या आशेवर पाठवणार असशील, तर नको पाठवूस.

आता मिळालं काय, ते बघू. शाळांच्या स्पर्धेतली ती आपली डबल्सची सेमीफायनल आठवते का? बॉल आपल्या दोघींच्या बरोबर मधून आला. मला वाटलं तू घेशील, तुला वाटलं मी घेईन. दारात दोन पाहुणे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तशा दोघी सभ्यपणे बाजूला झालो आणि बॉल आरामात निघून गेला. वर दोघी एकदम 'सॉरी' म्हणालो. त्या दिवशी असे किती बॉल घालवले देव जाणे. आपल्या कोचना त्यांच्या आवाजामुळे आपण भोंगा म्हणायचो, आणि हरल्यावर तो भोंगा चक्क वाजलाच नाही, तिथेच मला घाम फुटला. होस्टेलवर आल्यावर त्यांनी शिक्षा सांगितली: आठवडाभर दोघींनी जे हवं ते 'माझा!' असं ओरडूनच घ्यायचं. उशी असो, टोस्ट असो, आंघोळीची बादली असो, आरोळी तीच. ओरडलं नाही तर मिळणार नाही.

आणि तू म्हणजे काय, आपला स्टॉप आला तरी कंडक्टरला सांगायला लाजून पुढच्या स्टॉपला उतरणारी बाई! पहिल्या रात्री बिनउशीची झोपलीस. सकाळी बिनटोस्टची शाळेत गेलीस. मी माझ्यातला अर्धा द्यायला निघाले तर भोंग्याने डोळे वटारले. शेवटी भूक अनावर झाली आणि तू असा काही 'माझा!' ठोकलास की स्वयंपाकाच्या मावशींच्या हातातला डाव खाली पडला. मग तर सवयच लागली. वर्गात बाईंनी हा कचरा कोणाचा असं विचारलं आणि तू ताठ उभी राहून तेच ओरडलीस, कचरा तुझा नसताना! वर्ग लोळायचा बाकी होता. पुढच्या मोसमात मात्र आपल्या मधून एक बॉल जाईल तर शपथ. कप नाही मिळाला, पण हरलो ते बॉल मारून हरलो.

मला विचारशील तर तेच मिळालं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा सगळ्या भावांची नुसती नजरानजर चालली होती. मी म्हटलं, आमच्याकडे, आणि विषय संपला. कटकट झाली, चिडचिड झाली, पण म्हातारा शेवटपर्यंत हसत होता आणि मला त्याचं आजही बरं वाटतं. तूही बँकेत दुसऱ्यांसाठी छान भांडतेस असं ऐकते. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की परत मुंगी ती मुंगीच.

तर काल मी तुला न सांगता ती अकॅडमी बघायला गेले. आधी हेच बघितलं की पोरं हसतात का. हसत होती. कोच एक तरुण मुलगी आहे, काटक, उन्हाने रापलेली. हात दुखतो म्हणणाऱ्या पोरीला तिने सावलीत बसवलं आणि स्कोअर सांगायचं काम दिलं. आई-बापांना कुंपणाच्या आत मज्जाव, हे तर मला फारच आवडलं. शेवटी सगळ्यांना रॅकेट ठेवून पकडापकडी खेळायला सोडलं. त्याआधी दोन चिमुरड्या डबल्सला उभ्या राहिल्या होत्या, आणि आला की गं बॉल मधून! दोघी सभ्य, दोघी बाजूला. माझा ताबाच सुटला. कुंपणाबाहेरून असं काही 'अगं, माझा म्हण की!' ओरडले की पलीकडच्या कोर्टवरचा खेळसुद्धा थांबला. कोच हसू दाबत आली आणि विचारते कशी, 'आजी, तुमची नात कुठली?' आजी! कालच केस रंगवले होते मी. म्हटलं, नात नाही, माझ्या पार्टनरची मुलगी आहे, पुढच्या महिन्यापासून येणार आहे.

हो, बोलून बसले. कारण फोनवर तू फी विचारलीस, शाळा विचारलीस, मनगटं विचारलीस, आणि मध्येच हळूच म्हणालीस की अकॅडमीला होस्टेल नाही, बघू काहीतरी. लगेच माझ्या बाथरूमची चौकशी केलीस आणि मी मूर्ख बाथरूमवर सुटले! त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तू संकोचलीस, मागायचं कसं म्हणून. मग मीही संकोचले, लेक तुझी, आपण होऊन नाक कसं खुपसायचं म्हणून. या वयात, पुन्हा तोच बॉल! अगं, आमचा मुलगा नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे, व्यायामाच्या सायकलवर आम्ही टॉवेल वाळत घालतो. ती सायकल आज ह्यांनी गॅलरीत ढकलली, टेबलावर अभ्यासाचा दिवा लावला आणि सकाळी फिरायला जायचा रस्ता बदलून अकॅडमीवरून नेला. त्यांना विचारायचीही वेळ आली नाही. तू शनिवार-रविवार येत जा, भावजींनाही आण, कंबर बघते. आणि पोरीचं हसू थांबलेलं दिसलं, तर अकॅडमी गेली खड्ड्यात, मी स्वतः तिला घरी आणून सोडेन, शब्द देते. 'तुला कशाला त्रास' असं तू आत्ता पुटपुटते आहेस ना? ते चहाबरोबर गिळ. बॉल मधून आलाय, मुंगे, आणि मी ओरडलेय: माझा! आता तू फक्त बाजूला हो.

तुझीच, अजूनही कोर्टाच्या त्याच अर्ध्यात उभी असलेली,
ढोलकी