पहिल्या पुस्तकासाठी एक मत

प्रिय बडबडे,

अक्षर ओळखलंस ना? फोन करता आला असता, नंबर अजून आहे माझ्याकडे. पण फोनवर तू "बोल ना गं" म्हणतेस आणि माझ्या तोंडाला कुलूप लागतं, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. लिहिताना निदान समोर कुणी ताटकळत बसलेलं नसतं. तर आधी खुशाली. आम्ही तिघं बरे आहोत. नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा तोच जास्त कुरकुरतो. लेक माझ्या डोक्याच्या वर गेली, आता माझ्या चपला घालून जाते आणि वर मलाच विचारते, तुझ्या चपला कुठे गेल्या म्हणून. मी अजून कवळ्याच करते. दातांच्या दवाखान्याच्या मागची तीच खोली, तीच पांढरी धूळ. घरी आले की केस झटकल्याशिवाय लेक जवळ येऊ देत नाही. तू म्हणायचीस, गावभरच्या लोकांचं हसू हिच्या हातात आणि ही बया स्वतः कधी हसायची नाही. परवा हे दवाखान्याच्या मालकांना सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांचीच कवळी सैल झाली.

या सगळ्यात एक नवीन भानगड गळ्यात पडली आहे. लेकीने मला ऑनलाइन बुक क्लबात घातलं. मला न विचारता. म्हणाली, "आई, तू दिवसभर दातांशी बोलतेस, जरा ज्यांच्या तोंडात ते आहेत त्यांच्याशीही बोल." क्लब चालवतात त्या औषधांच्या दुकानातल्या ताई. गोळ्या देता देता कुणी काय वाचलं याची चौकशी करायची त्यांना सवय आहे, त्यातूनच हे निघालं. सात-आठ माणसं असू. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्या अजूनही कुणी मध्ये बोललं की थांबून चष्म्यावरून बघतात, स्क्रीनवरसुद्धा. बस चालवून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच आम्हाला दिसतं. एक नवी आई आहे, तिचं बाळ रडलं की ती आवाज बंद करते आणि मग नुसतेच ओठ हलवत आम्हाला मोलाचं काहीतरी सांगत राहते.

पहिल्या बैठकीत ठरवायचं होतं एवढंच, की आधी वाचायचं काय. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण पहिल्या पुस्तकावरून माणसं किती हळवी होतात, अगं! बाईंना दीपगृहांवरचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं, नकाशांसकट. काका म्हणाले, जाड नको, आडवं पडून वाचताना नाकावर पडतं. नवी आई म्हणाली, काहीही चालेल पण त्यात कुणाचं मूल मरायला नको. खरं सांगू, मला मजा येत होती. मी काही बोलत नव्हते, पण आवडत होतं. इतक्यात ताईंनी एक पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. बारीकसं, निळ्या पुठ्ठ्याचं, वर शिलाई मशीन. तुझं पुस्तक.

ताईंना काय कल्पना असणार? त्या उत्साहात सांगू लागल्या. एक शिवणकाम करणारी म्हातारी आहे, तिला विसर पडत चाललाय, वरच्या मजल्यावरची मुलगी तिचं सगळं करते, आणि पोटची पोर मात्र शेवटपर्यंत फिरकत नाही. "वाचून इतकी चिडले मी," ताई म्हणाल्या, "अशी लेक वैऱ्यालाही नको." काकांचं कपाळ हललं. "असतात तशी," ते म्हणाले. बाईंनीही मान डोलावली. मी आवाज बंद केला. बोलत नव्हतेच, तरी केला. मग कॅमेराही. आतून लेक ओरडली, आई, तुझ्या जागी नुसतं काळं दिसतंय, तार निघाली का बघ.

त्या दिवशी ठरलं नाही. मग ताईंनी ग्रुपवर मतं मागवली. दीपगृहं की तुझी कादंबरी. आणि नशीब बघ, समसमान पडली. मत द्यायची राहिले फक्त मी. ताईंचा निरोप आला, "आता सगळं तुमच्यावर हं." पाठोपाठ हसरे चेहरे. तो निरोप मी दिवसातून दहादा उघडून बघत होते. दीपगृहांना मत दिलं तर महिनाभर सुटका, पण पुढच्या महिन्यात हे पुस्तक पुन्हा येणार हे दिसत होतं. तुझ्या पुस्तकाला दिलं तर ही सगळी भली माणसं रविवारी चहाचे कप घेऊन बसणार, त्या लेकीची सालटी काढणार आणि मी ते ऐकणार. क्लब सोडावा तर लेकीला काय सांगू? फोन वाजला की मी तो पालथा ठेवायची. पुढच्या दातांची मधली रेघ मी एका कवळीत चक्क तिरकी बसवली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मालकांनी ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक आहे, पुस्तक निवडायचंय. ते ती कवळी घेऊन स्वतःच दुरुस्त करायला बसले.

तू माझी अवस्था समजशील, कारण ते दिवस तू पाहिलेस. मी आईकडे फिरकले नाही हे खरंच आहे. पण का, हे तुला आणि नवऱ्याला सोडून कुणाला माहीत आहे? डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळ हवं असेल तर पलंगावरून उठायचं नाही. पायाकडच्या बाजूला विटा लावून पलंग उंच केला होता. मी तशी उलटी घसरत छताकडे बघत पडलेली असायची आणि संध्याकाळी आईच्या घरून तुझा फोन यायचा. "काकू मजेत आहेत. जेवल्या. आज गाणं म्हणत होत्या." मी त्या फोनवर जगत होते. आणि आई गेल्यावरही तुझा फोन येतच राहिला. "काकू मजेत आहेत." डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसता कामा नये, म्हणून तू आणि नवऱ्याने मिळून ठरवलंत. लेक जन्मली, तिला माझ्या कुशीत दिलं, मी पहिलं वाक्य बोलले ते, आईला कळवलं का. तेव्हा त्याने सांगितलं.

तुम्ही बरोबर केलंत. डॉक्टरही तसंच म्हणाले, मीही म्हणाले. आज लेकीकडे बघितलं की अजूनही तेच म्हणते. पण बडबडे, त्यानंतर तुझा आवाज ऐकला की माझ्या कानात तेच वाक्य घुमायचं. तू म्हणालीस, पाऊस पडतोय, तरी मला वाटायचं, खरंच पडतोय का? म्हणून माझे फोन कमी होत गेले. आपलं भांडण झालंच नाही, ते झालं असतं तर बरं होतं. मग तुझं पुस्तक आलं. पाठीमागे दोन ओळींत गोष्ट छापलेली होती, तेवढी वाचली आणि ते लेकीच्या लहानपणीच्या स्वेटरांखाली ठेवून दिलं. त्यानंतर उघडलं नव्हतं.

मत द्यायचं म्हणून शेवटी सोमवारी ते डब्याबरोबर पिशवीत घातलं. जेवणाच्या सुट्टीत, कवळीच्या साच्याचं प्लास्टर वाळायला ठेवून, खिडकीशी बसून उघडलं. अगं, पहिल्याच पानावर आई. ओठांत टाचण्या धरून बोलणारी. गणवेशाच्या चड्ड्या शिवून झाल्या की उसवणारी आणि पुन्हा शिवणारी. गळ्यातली टेप शोधत घरभर फिरणारी. मी प्लास्टर विसरले, डबा विसरले. ती रोज विचारते, लेक कधी येणार, आणि वरच्या मजल्यावरची मुलगी रोज नवं कारण देते. गाडी चुकली. ताप आला. एकदा ती सांगते, वाटेतला पूल दुरुस्तीला काढलाय, आणि म्हातारी म्हणते, "मग पोहत ये म्हणावं." मी एकटीच मोठ्याने हसले. हे तू रचलेलं असूच शकत नाही, हे आईचंच. तिने असंच म्हटलं असणार. मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. मालक दारातून डोकावले आणि पावलं न वाजवता परत गेले.

आणि एक गोष्ट लक्षात आली. तू त्या लेकीला कुठेच नावं ठेवलेली नाहीस. ती का येत नाही हे लिहिलं नाहीस, पण तिच्यावर एक वाकडा शब्द नाही. राग आहे तो ताईंचा. त्यांचा मुलगा दूर असतो, सणावारीही येत नाही, असं लेक म्हणाली. प्रत्येकजण आपलीच जखम घेऊन पुस्तकात शिरतो, त्याला तू काय करणार?

काल सकाळी ग्रुपवर लिहिलं, "निळं पुस्तक आधी घेऊ." ताईंनी फुलं पाठवली. बाईंनी लिहिलं, "बहुमताचा आदर आहे," म्हणजे नाराज आहेत. काकांनी विचारलं, अक्षर मोठं आहे का. झालं, ठरलं. आता रविवारी बसायचंय. कुणी त्या लेकीबद्दल बोललं तर मी गप्प बसेन, की सांगेन, ती मी आहे? सांगितलंच तर लेकही ऐकेल. तिला अजून एवढंच ठाऊक आहे की आजी ती जन्मायच्या आधी गेली. तिच्यासाठी मी आईच्या शेवटाला मुकले, हे तिच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? तरी वाटतं, परक्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. शनिवारी तिला फिरायला नेते आहे. जमेल तसं सांगेन.

पण हे सगळं लिहायला मी कागद घेतला नव्हता. घेतला तो शेवटच्या प्रकरणामुळे. म्हातारी डोळे मिटून पडली आहे, वरच्या मजल्यावरची मुलगी उशाशी आहे. म्हातारी तिचा चेहरा चाचपते, कानाची पाळी धरते आणि म्हणते, "आलीस?" आणि ती मुलगी म्हणते, "आले गं आई. मीच." म्हातारी म्हणते, "दमली असशील, पड जरा." मग तिला झोप लागते, ती कायमची. हे मी इतक्या वेळा वाचलं की पान सुटं झालं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हातातलं ताट तसंच धरून उभा राहिला, म्हणाला, "मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. तिलाच विचार." म्हणून विचारते. त्या खोलीत तुम्ही दोघीच होतात, आता तू एकटी आहेस. हे असंच झालं का गं? जाताना आईला वाटलं का, की मी आले? झालं असेल तर तेवढंच लिही, दुसरं काही नको. आणि ते तू गोष्टीसाठी रचलं असशील, तर तसं लिही. मी रुसणार नाही. फक्त एक कर. या वेळी मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

तुझीच,
घुमी