टाउनो दुपारीच का बंद पडतो

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गेला! ऐन रंगात आला असताना गेला. स्क्रीन काळी, पंखे गप्प, आणि मी हेडफोन लावून बावळटासारखी त्या काळोखाकडे बघतेय. टाउनो म्हणजे माझा कॉम्प्युटर. खास खेळांसाठी एकेक भाग आणून मीच जुळवलेला. असा कधी वागला नव्हता. आणि नेमका आत्ता!

दूर तुर्कू शहरातल्या एका कंपनीनं तीन आठवड्यांची चाचणी दिलीय. त्यांचा अर्धवट झालेला खेळ रोज दुपारी खेळायचा, कुठे काय चुकतं ते कळवायचं. पसंत पडले तर नोकरी! बेकरीतून आल्यावरची झोप सोडून बसते त्यासाठी. जमलं तर भल्या पहाटे उठून पाव भाजणं कायमचं सुटेल.

कळवलं त्यांना— तुमचा खेळ बंद पडतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

त्यांचं उत्तर— 'आमच्याकडे पडत नाही.' फार सभ्य शब्दांत. म्हणजे खोट टाउनोतच. हे वाचून खेळायला बसले, तर पुन्हा गेला. शरमेनं मेले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हेन्ना आली. शाळेपासूनची मैत्रीण, आता कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असते. हात हलके, जीभ मात्र तिखट. झाकण उघडून म्हणाली, 'सायया, हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?'

खरंच पीठ होतं आत! बेकरीतून माझ्याच कपड्यांवरून आलेलं. पंख्यांच्या पात्यांवर पांढरे थर. तासभर झाडत, पुसत बसलो. बाबा कॉफी घेऊन वर आले आणि दारात उभे राहून बघत होते. त्यांचा जन्म रेल्वेचे रूळ तपासण्यात गेला. 'तेल घातलंत का?' एवढंच विचारून खाली गेले. हेन्नाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. माझे गुणी बाबा!

रविवार, ९ नोव्हेंबर

आज वडिलांचा दिवस. बाबांसाठी केक केला. दोन तुकडे खाल्ले, आणखी दोन झाकून ठेवले. 'लागतील,' म्हणाले. लागू देत की! सगळा त्यांचाच आहे.

तुर्कूचं त्यांना सांगितलंय, दुपारची झोप सोडते ते मात्र नाही. 'जा की,' म्हणाले. लगेच! जराही न थांबता. मन मोठं करून म्हणाले, मला कळत नाही होय? आई गेल्यापासून आम्ही दोघंच या घरात. मी वर, ते खाली. मी गेले तर समोर बसून कॉफी कोण पिणार त्यांच्याबरोबर? तुर्कू काही हाकेच्या अंतरावर नाही. भांडी घासताना रडू आलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पिठाचा काही दोष नव्हता. गेला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हेन्नानं मेमरी काढून घालून पाहिली. मग टाउनोला वीज पुरवणारा डबाच बदलला, स्वतःच्या कॉम्प्युटरचा काढून आणला! अशी मैत्रीण कुणाला मिळते? तिला इथेच जेवायला ठेवून घेतलं, खालच्या तापल्या खोलीत वाफ घेत घाम काढायचा सौनाही झाला. आज बुधवार, सौनाचा दिवस. टाउनो अर्थातच बंद.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नव्या डब्यासकट गेला!! फोनवर हेन्ना म्हणाली, 'आता एक तर भूत, नाहीतर तुझं घर. बंद पडताना दिवा मंद होतो का?'

आठवून पाहिलं. होतो!

'मग घरात त्या वेळी काहीतरी मोठं चालू होत असणार.'

काय होणार? दुपारी बाबा खाली शब्दकोडं सोडवत असतात. कोड्याला किती वीज लागते?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज हेडफोन लावलेच नाहीत. एक डोळा खेळावर, एक दिव्यावर. दिवा मंदावला, टाउनो गेला, मी धाडधाड जिना उतरले. सौनातली विजेची शेगडी तापायला लागलेली!

मंगळवारी! आमच्याकडे सौना बुधवारी आणि शनिवारी. मी जन्मल्यापासून.

वरच्या खोलीची वायर बाबांनी सौनाच्याच लाइनवरून ओढलीय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सौना तापत असताना कॉम्प्युटर कोण चालवतं? त्या वेळी घरात रेडिओसुद्धा बंद असतो. म्हणून शेगडी आणि टाउनो आजवर एकदाही एकत्र चालले नव्हते. हेन्नाला फोनवर सांगितलं, तर ती नुसती किंचाळली. दोघी शहाण्या, आणि हे सुचू नये!

हसले खरी, पण हसू टिकलं नाही. बाबा समोर उभे होते, अंगात आंघोळीचा झगा, केस नीट विंचरलेले. म्हटलं, 'बाबा, आज मंगळवार आहे.' ते झग्याचा पट्टा आवळू लागले.

'तू झोपली नव्हतीस?' आणि मग, 'मंगळवार होय? मला वाटलं, शनिवार.'

शेगडी बंद करून, झग्यावर कोट चढवून, घाईघाईनं फाटकापर्यंत जाऊन आले. कशाला, तर म्हणे टपाल बघायला. टपाल त्यांनी सकाळीच आणलं होतं! आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी वार गेले, मग माणसं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कॉफी ओतताना सहज विचारल्यासारखं विचारलं, 'बाबा, आज वार कोणता?'

'तुला आठवत नसेल, तर कॅलेंडर बघ,' म्हणाले.

चिडतात. आजीही चिडायची. दुपारी वर गेलेच नाही, विणकाम घेऊन त्यांच्याजवळ बसले. ते सारखे खिडकीशी जात होते. एकदा म्हणाले, 'तू दमली असशील, झोप जा.' मी हलले नाही. मी आता कुठेही जाणार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तुर्कूहून फोन! शनिवारी! खोट तुमच्या खेळात नाही, माझ्या घराच्या वायरीत आहे, असं मी सरळ लिहून टाकलं होतं, तेच त्यांना आवडलं. जानेवारीत या, म्हणाले.

बाबा सौनातून लालबुंद होऊन आले, सॉसेज भाजलं, मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. इतके खुशीत होते! हे सोडून मी जायचं? माझा जीव आहे त्यांच्यात. सोमवारी 'नाही' कळवते. पाव भाजण्यात काय वाईट आहे?

रविवार, २३ नोव्हेंबर

बर्फ. काही लिहावंसं वाटत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कळवण्याआधी बाबांना सांगितलं— मी जात नाही, तुमच्यापाशी राहते. ते कानापर्यंत लाल झाले. कप खाली ठेवला.

'मला सगळे वार पाठ आहेत गं. मंगळवारी आणि गुरुवारी लाइला येते, सौनाला. पूर्वी स्टेशनवर तिकिटं द्यायची ती. दोन वर्षं झाली, येतेय. तू वर झोपलेली असतेस म्हणून दुपारची येते, तिला फार संकोच वाटतो.' मग माझा हात धरून, अगदी हळू आवाजात, 'सायया, जानेवारी म्हणजे नक्की किती तारखेला गं?'