बाहुली माझ्याकडे, खोकं तुझ्याकडे

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते लगेच फोडलं नसशील. टेबलावर ठेवून त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या असशील आणि मग भाऊजींना "बघा, आली एकदाची शुद्धीवर" असं ऐकवून फोडलं असशील. म्हणून आधीच सांगते, मी कायमच शुद्धीवर होते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की पाहुणे लवकर उठावेत म्हणून अजून मुद्दाम खोकतात? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे हे ठीक आहेत, आणि त्यांना ठीक ठेवता ठेवता माझं काय झालं हे कोणी विचारत नाही.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तू शेजारणीच्या कानात "आता तरी ही गप्प बसेल" म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. (तू हळूच म्हणालीस हे मान्य, पण तुझ्यासमोरचा माईक चालू होता.) सगळ्या शाळेसमोर, शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत, लोक हसले. त्यानंतर गेली तीन वर्षं निदान तुझ्याशी तरी मी गप्प बसून दाखवलं, म्हणजे तुझी इच्छा मी पुरी केली. तो राग मी घडी घालून कपाटात ठेवला आहे, टाकलेला नाही. तूर्त मला दुसऱ्या लोकांवर रागवायचं आहे आणि ते ऐकायला तुझ्याइतकं योग्य माणूस नाही, कारण या प्रकरणाचं मूळ तूच आहेस.

झालं असं, की आमच्या चिरंजीवांना घरून काम करायला खोली हवी झाली. घरात मोकळी खोली नाही, फक्त माझी आहे. "आई, तुझी नाही, तुझ्या सामानाची," इति चिरंजीव. मग त्यांनी माझ्या सामानाचे दोन ढीग केले, एक ठेवायचा आणि एक रविवारी भंगाराची गाडी येईल तिच्यात घालून पाठवून द्यायचा. दुसऱ्या ढिगाच्या अगदी माथ्यावर, मोडक्या छत्रीला टेकून, आपली बाहुली बसलेली! तीच, बाबांनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेली, उजवा डोळा मिटणारी आणि डावा उघडा ठेवून आपल्यावर लक्ष ठेवणारी. मी तिला उचलून पदरचं माणूस असल्यासारखी कडेवर घेतली, तर चिरंजीव म्हणाले, "आई, नियम साधा आहे. ज्याला किंमत आहे ते राहील, नाही ते जाईल." ज्याच्या शाळेच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर मी सही केली, तो मला किमती शिकवतो! मी म्हटलं, रविवारच्या आत किंमत आणून दाखवते. आता मी शब्द दिला म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या लहानपणचं टाळ्या वाजवणारं माकड विकून नवा फ्रिज घेतला होता. (फ्रिज दाखवायला त्यांनी मला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा आत फक्त पाणी होतं.) त्यांच्याकडून जुन्या खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता घेतला. दुकान म्हणजे एक अरुंद बोळकांडी आहे, जमिनीपासून छतापर्यंत खोकी, आणि मधोमध एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून बसलेला. मला वाटलं, याला त्वचेचं काहीतरी आहे. त्याने बाहुली घेतली, उलटी केली आणि मला न विचारता तिचा फ्रॉक वर करून पाठीवर काय छापलंय ते भिंगातून वाचू लागला. आपल्या शाळेतल्या सिस्टर तिथे असत्या तर त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला असता. मग त्याने एकच शब्द उच्चारला. "खोकं?"

मी म्हटलं, "अहो, मी बाहुली विकायला आले आहे."

"बाई, बाहुल्या पुष्कळ आहेत. खोकी लोकांनी फाडली."

आणि मग त्याने माझी शिकवणी घेतली, फी न घेता. खोक्याचे चारही कोपरे टोकदार हवेत. खिडकीचा पारदर्शक कागद तडकलेला नको, पिवळा पडलेला नको. उन्हाने रंग उडालेला नको. दुकानदाराची जुनी किमतीची चिठ्ठी असेल तर ती सोलून काढायची नाही, कारण ती काढली की किंमत उतरते. आणि खोकं कधीच उघडलेलं नसेल तर उत्तम! म्हणजे बघ, खेळणं तेव्हाच मोलाचं, जेव्हा त्याच्याशी कोणी खेळलेलं नसेल. मी म्हटलं, हे म्हणजे न शिकवता निवृत्त झालेली शिक्षिका सर्वांत चांगली असं झालं. तो म्हणाला, "कोपरे शाबूत असतील तर हो." शेवटी म्हणाला, शनिवारी नगरसभागृहात संग्राहकांचा मेळा आहे. तिथे तपासनीस बसतो, तो 'अस्सल' असा दाखला देतो. बाहुली खोक्यासकट घेऊन जा.

आता खोकं कुठे आहे, हे तुला आणि मला दोघींनाच माहीत. बाहुली एक आणि मुली दोन, म्हणून आईने न्याय केला होता: बाहुली धाकटीची, खोकं थोरलीचं, आणि बाहुली झोपणार ती खोक्यातच. म्हणजे दिवसभर मी मालकीण, पण दिवे मालवायची वेळ झाली की मला तुझ्या पायऱ्या झिजवायला लागायच्या. झाकणाच्या आत ते लाल कौलांचं घर छापलेलं होतं, आठवतं? तरी तू दिवसभर रडलीस, की धाकटीला बाहुली आणि मला पुठ्ठा. पुढे लग्न झाल्यावर तो पुठ्ठा तू बरोबर नेलास आणि त्यात बटणं भरलीस. तेव्हापासून माझी बाहुली बेघर आहे. दुकानातून आल्या आल्या मी तुला फोन करायला हवा होता, असं हे म्हणाले. पण तीन वर्षं न बोललेल्या बहिणीला फोन करून पहिलं वाक्य "खोकं पाठव" हे कसं म्हणायचं? त्यापेक्षा खोकं नवं करणं सोपं, असा मी विचार केला.

यात लबाडी नव्हती. पुठ्ठा म्हणजे काय आकाशातून पडतो? कोपऱ्यावरच्या केकवाल्याकडून जाड पुठ्ठा आणला, कौलांचं घर मी स्वतः आठवून रंगवलं आणि झेरॉक्सवाल्याकडून त्याची रंगीत प्रत काढून घेतली. खोकं असं झकास झालं, की तिथेच घोटाळा झाला. ते काल केल्यासारखं दिसत होतं, आणि केलं होतं कालच. झेरॉक्सवाला म्हणाला, "आजी, चहा लावा. म्हातारं दिसेल." (मला आजी म्हणाला आणि खोक्याला म्हातारं करायचा सल्ला देतो!) घरात सकाळचा चहा उरला होता. टाकून द्यायचा तर जिवावर आलं, तोच बोळ्याने सगळीकडे लावला. मग नखं घासायच्या कानशीने कोपरे जरा झिजवले आणि थोडा वेळ खोक्यावर बसले. ह्यांनी पेपरातून डोकं काढून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "त्यातला घोटभर उरलाय का?"

मी ते खरं आहे असं कोणाला सांगणार नव्हते. कोणी विचारलं नाही तर आपण होऊन बोलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीची जीभ काळी पडते. शनिवारी निघताना मी आरशात पाहिली. जरा तपकिरी होती, पण ती चहाने.

ताई, तो मेळा तू पाहायला हवा होतास. सभागृहभर टेबलं, टेबलांवर खोकी, खोक्यांवर प्लास्टिकची कवचं, आणि सगळे इस्पितळातल्यासारखे कुजबुजत बोलणारे. टक्कल पडलेली माणसं पत्र्याची मोटार तान्हं बाळ प्रसूतिगृहातून घरी न्यावं तशी छातीशी धरून चाललेली. एकाने मला अभिमानाने सांगितलं, की तो प्रत्येक खेळणं दोन घेतो, एक ठेवायला आणि दुसरं पहिल्याला काही झालं तर ठेवायला. "आणि खेळायला?" मी विचारलं. त्याने आपलं टेबल माझ्यापासून हातभर दूर सरकवलं.

तपासनिसाच्या टेबलाशी माझी पाळी आली, आणि तो पुस्तकातून मान वर करतो तर काय, गोगलगाय! तुला त्याच्याबद्दल मी सांगितलं होतं, माझ्या वर्गातला, उत्तरपत्रिका कधीच वेळेत पुरी न करणारा. नीतिशिक्षणाच्या पेपरात त्याला मी शेजाऱ्याचं बघून लिहिताना पकडला होता आणि 'मी नक्कल करणार नाही' असं शंभर वेळा लिहायला लावलं होतं. तो ताडकन उभा राहिला. "बाई! तुम्ही!" मी म्हटलं, बस बस, पाठ सरळ ठेवून बस. मनात म्हटलं, आपलंच पोर आहे, काम झालं.

त्याने हातमोजे घातले, खोकं उचललं, भिंग लावलं. कौलांवरून भिंग फिरत होतं आणि मी श्वास रोखून उभी होते, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तशी. तेवढ्यात झाकणाच्या कडेतून एक मुंगी बाहेर आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि आत जाऊन बाकीच्यांना बोलावून आणलं.

आमचे हे चहात तीन चमचे साखर घेतात, हे मी बोळा बुडवताना विसरले होते.

मुंग्या टेबलक्लॉथवरून ओळीने शेजारच्या टेबलावर गेल्या. (शिस्तीत गेल्या. माझ्या वर्गाची रांग अशी कधी निघाली नाही.) तिथे एका गृहस्थाची आगगाडी होती, जन्मापासून खोकं न उघडलेली. तो किंचाळला आणि मग सगळं सभागृह धावलं. पण ताई, त्यांना काही करताच येईना! मुंगी मारावी तर खोक्याला पोचा पडेल. औषध फवारावं तर डाग पडेल. फुंकर मारावी तर तोंडाची वाफ पुठ्ठ्याला लागेल. अखेर डझनभर मोठी माणसं, हातमोजे घालून, रंगाच्या मऊ कुंचल्यांनी एकेका मुंगीची समजूत काढत बसली. आगगाडीवाला "सावकाश, कोपरा सांभाळा, कोपरा!" असं रडवेल्या आवाजात सांगत होता. मी मदत करायला रुमाल काढला, तर तिघांनी एकदम माझा हात धरला.

गोगलगाईने खोकं नाकाशी नेलं, हुंगलं आणि हळूच म्हणाला, "बाई, साखर जरा जास्त झाली."

"ह्यांना लागते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग बाई, शंभर वेळा लिहून घेऊ का?"

मी म्हटलं, घे, निदान माझ्या ओळी सरळ येतील, तुझ्यासारख्या उताराला लागणार नाहीत. पण ताई, कान गरम झाले होते, ते पदराखाली झाकून घेतले. त्याने माझ्या खोक्यावर 'नकली' असा लाल शिक्का मारला, तोही तिरका. दारापर्यंत पोचवायला मात्र आला आणि बाहुली त्याने नीट दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

असो. तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार सांग आणि खोकल्यावर गरम पाणी प्यायला लाव. हे सगळं तुला का लिहिलं, तर मन मोकळं करायला. दुसरा काही हेतू नाही.

तुझी धाकटी

ता. क. बटणं अजून त्याच खोक्यात आहेत का? असतील तर एकेक करून काढ, खोकं उपडं करू नकोस. झाकण कोपऱ्याला धरून उचलू नकोस. चिकटपट्टी लावू नकोस, पुसू नकोस, ऊन दाखवू नकोस. सहज सांगते आहे.

ता. क. दुसरा. टपालाने पाठवायचा विचार मनात आणू नकोस, ते लोक फेकतात. मांडीवर घेऊन तूच ये. रविवारी गाडी आली तेव्हा मी चिरंजीवांना बजावलं, की ही बाहुली एका खोक्यात राहणारी आहे, खोकं येईपर्यंत ती हलणार नाही. त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली आहे. तू आली नाहीस तर ती त्या छत्रीबरोबर जाईल.

ता. क. तिसरा. दारात गोगलगाय आणखी एक गोष्ट म्हणाला, ती वर लिहायची राहिली. (राहिली नाही. लिहिली नाही.) बाहुलीचे केस तू कात्रीने कापले होतेस ना, "वाढतील" म्हणून? ते वाढले नाहीत. त्यामुळे बाहुलीला काडीची किंमत नाही, खोक्यासकटही नाही. पण कौलांचं घर असलेलं खोकं त्याने आजवर फक्त चित्रात पाहिलं आहे. नुसतं रिकामं खोकं, बटणांनी बसलेल्या पोच्यांसकट, डॉक्टरीणबाईंच्या फ्रिजहून मोठा फ्रिज देईल, भरलेला. "जुना डबा पाठव" असं लिहून मला ते तुझ्याकडून मागवता आलं असतं आणि तू दिलंही असतंस. तेव्हा घे, वाच: आईच्या वाटणीत मोठा वाटा तुझ्याकडे आला होता. हे माझ्या अक्षरात आहे, जपून ठेव. घड्या जास्त पाडू नकोस. आणि पाकीटही ठेव, पाकिटाशिवाय पत्राला किंमत येत नाही.

ता. क. शेवटचा. खोकं विकायचं की नाही, ते तू ठरव, तुझं आहे. फक्त त्याआधी एकदा तिला त्यात झोपू दे. डावा डोळा अजून मिटत नाही तिचा. माझ्या खोलीतली पलंगाची दुसरी बाजू चिरंजीवांनी अजून नेलेली नाही. आणि येताना गोड काही आणू नकोस. मुंग्या आमच्याबरोबरच घरी परत आल्या आहेत.